निनावी हरकत

आधी तिला सातचा आकडा ओळखू आला. ‘प्रस्ताव क्रमांक ७७’ असं पत्राच्या डोक्यावर लिहिलं होतं आणि दोन्ही सातांच्या शेपट्या खाली जाऊन पुन्हा वर वळल्या होत्या, कपाला कान असतो तशा. मग अनुस्वार दिसले. टिंबं नव्हेत, बारीक पोकळ गोल. असे सात आणि असे अनुस्वार ती सत्तावीस वर्षं बघत आली होती. किराणाच्या यादीवर, औषधाच्या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर, लेकीच्या शाळेच्या अर्जांवर, आणि शहरातल्या कितीतरी बसथांब्यांवर. तिचा नवरा बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा. डेपोत संगणक आला तरी आयत्या वेळचे फेरबदल तो हातानेच लिहून थांब्यांवर लावायचा, कारण छापलेल्यावर लोकांचा विश्वास नसतो असं त्याचं म्हणणं. ती पत्र हातात धरून बसली. समोरच्या टेबलावर हेडक्लार्क फाइलींवर शिक्के मारत होते. सगळं कार्यालय पाठीमागे त्यांना ‘शिक्का’च म्हणायचं. तो आवाज रोजचाच होता, पण आज प्रत्येक ठोका मानेच्या मागे बसल्यासारखा वाटला.

नदीपलीकडच्या राखीव रानातून रस्ता काढायचा आणि रानाचा अर्धा भाग मोकळा करायचा, असा तो सत्त्याहत्तर नंबरचा प्रस्ताव. मोकळा म्हणजे काय, हे तिला कधीच नीट कळलं नव्हतं. रान तर आधीच मोकळं होतं. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या आणि त्या वाचून चार टोपल्यांत टाकायचं काम तिच्याकडे होतं. बाजूने, विरुद्ध, विषयाबाहेर आणि निनावी. निनावी पत्रं मोजायची नाहीत, नुसती दप्तरी ठेवायची. महिनाभरात तिने आठशे-नऊशे पत्रं वाचली होती. एकाने रस्ता हवाच असं लिहून खाली स्वतःच्या जावयासाठी नोकरी मागितली होती. एका शाळेच्या वर्गाने अस्वलाचं चित्र पाठवलं होतं, त्या रानात अस्वल नाही हे माहीत नसल्यामुळे. वाचताना तिला काही होत नसे. रान सरकारी होतं, सरकारी म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे तिचं असण्याचं कारण नव्हतं.

तिने पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

‘महोदय, प्रस्तावाला माझी हरकत आहे. कारण लिहावे असे आपण म्हटले आहे. कारण मला नीट सांगता येत नाही. मी अकरा वर्षे महिन्यातून एकदा तेथे जातो. ओढा ओलांडतो, पलीकडे एका दगडावर बसतो आणि परत येतो. काही करत नाही. तेथे कोणाला माझ्याकडून काही नको असते. रस्ता कसा होतो ते मला नोकरीमुळे माहीत आहे. आधी रस्ता, मग थांबा, थांब्याला टपरी, टपरीला गर्दी आणि गर्दीला वेळापत्रक. ते मलाच लिहावे लागेल. तेव्हा कृपा करून एवढे एक ठिकाण तसेच राहू द्यावे. मी मेल्यावरही. कळावे, एक नागरिक.’

अकरा वर्षं महिन्यातून एका रविवारी त्याला जादा ड्यूटी असायची. ती जादा ड्यूटी नाही हे तिला आठ वर्षांपूर्वी कळलं होतं. पाण्याची टाकी फुटली म्हणून तिने डेपोत फोन लावला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, “ते आज रजेवर आहेत की, वहिनी.” फोन ठेवून तिने फरशीवरचं पाणी पुसलं. तो सहाला घरी आला, टाकी बघितली, म्हणाला, “हरकत नाही, उद्या माणूस आणतो.” तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. एकदा नणंद आली असताना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, “वहिनी, दादा रविवारचा जातो कुठे गं? कुठेतरी पाणी मुरतंय बरं का.” ती म्हणाली, “मुरू दे, वन्सं. वाहून जाण्यापेक्षा बरं.” दोघी हसल्या होत्या. मग तिने हळूहळू त्या बाईची सवय करून घेतली. बाई असणारच, दुसरं काय असणार? त्याच्या शर्टाला अत्तराचा वास यायचा नाही, ओल्या पाल्याचा यायचा. पँटीच्या घड्यांत कुसळं सापडायची. म्हणजे बाईकडे बाग असावी, असं तिने ठरवलं. मोठी, निगा न राखलेली बाग, आणि बाई तशीच, केस मोकळे सोडणारी, उशिरा उठणारी. कधीकधी भांडी विसळताना तिला बाईपेक्षा बागेचाच हेवा वाटायचा. आठ वर्षांत त्या बाईने तिला एका बाबतीत तरी दगा दिला नव्हता. ती होती. आणि आता, मंगळवारी सव्वाअकरा वाजता, तीही नव्हती.

“पेंगताय का?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“नाही. अक्षर लागत नाहीये.”

“सही आहे का बघा. नसेल तर निनावीत. वाचायचे कष्ट कशाला?”

सही नव्हती. तिने पत्र निनावीत टाकलं, कारण नियम तसा होता. पाच मिनिटांनी काढून घेतलं आणि खणात ठेवलं. हे का केलं, ते तिला सांगता आलं नसतं.

घरी तो नेहमीसारखाच होता. पेपर वाचताना पायाचा अंगठा हलवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, एखाद्या घरात भाड्याने राहायला आल्यावर भिंती बघाव्यात तशी. हा माणूस कुंडीला पाणी घालायला कंटाळतो. सहलीला जायचं म्हटलं की याच्या पोटात दुखतं. लेक लहान असताना एकदा बागेत तिने फुलपाखरू दाखवलं तर हा म्हणाला होता, “हो, आहे.” असा माणूस दगडावर बसतो. तिला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तेही वाटत नव्हतं. बाई असती तर भांडता आलं असतं. लोकांनी बाजू घेतली असती. रानाशी कसं भांडायचं? तो माझ्याशी खोटं बोलून झाडांत जाऊन बसतो, असं कोणाला सांगायचं? लोक म्हणतील, मग काय झालं? आणि तेच तिला समजत नव्हतं, मग काय झालं ते.

अकरा वर्षं. ती मागे मागे गेली. अकरा वर्षांपूर्वी लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि घरात दोन माणसांचा आवाज पुरेनासा झाला. त्याच वर्षी तिचं ऑपरेशन झालं आणि पुढे कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. आणि त्याच वर्षी घाटाच्या फेरीवरची बस वळणावर कलंडली. चालक गेला, दोन प्रवासी गेले. चौकशीत कोणावरच ठपका आला नाही. त्या फेरीची चार मिनिटं त्याआधीच्या महिन्यात कमी केली होती, आणि ती तिच्या नवऱ्याने कमी केली होती, वरून हुकूम आला म्हणून. तेव्हा जेवताना तो एवढंच म्हणाला होता, “चार मिनिटं म्हणजे काही नाही.” ती म्हणाली होती, “नाहीच मुळी.” धीर द्यावा म्हणून म्हणाली होती. आता तिला वाटलं, तो कदाचित विचारत होता. पण हेही नक्की नव्हतं. कदाचित तो एखाद्या रविवारी चुकीच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्याला उतरला असेल, एवढंच असेल. माणसाच्या आयुष्याला कारण जोडायला बसलं की सगळीच कारणं फिट बसतात, आणि मग एकही खरं वाटत नाही.

शुक्रवारी तिने रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं नाही. सकाळी नेहमीच्या वेळी, नेहमीची पर्स घेऊन निघाली आणि कार्यालयाच्या थांब्यावर उतरलीच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्ये ती आणि वाहक दोघंच उरले. तिथून पुलापर्यंत अर्धा तास चालावं लागलं. पुलापलीकडे एक चौकी होती, पत्र्याची, आणि बाहेर खुर्चीवर रखवालदार बाई स्वेटर विणत बसली होती.

“एकट्याच?” रखवालदारबाईने विचारलं.

“हो.”

“नाव लिहा. कुठपर्यंत जाणार?”

“ओढ्यापर्यंत.”

वहीत आधीच्या महिन्याच्या पानावर तिला तो सात दिसला. नाव, पत्ता, सगळं खरं लिहिलेलं. तिच्याच घराचा पत्ता. पुढे ‘व्यक्ती – १’. ती पानं उलटत गेली. दर महिन्याला, एक. कुठेही लपवाछपवी नव्हती. जगात फक्त एकाच ठिकाणी तो लपून राहत होता, तिच्यापाशी.

“हे नेहमी येतात का?” तिने बोट ठेवून विचारलं.

“ते होय? येतात की. पावसातसुद्धा. बोलत नाहीत फार. एकदा मी म्हटलं, काका, रस्ता होणार म्हणे, तुमची पायपीट वाचेल. तर असं तोंड केलं, जणू त्यांच्या घरातलं कुणी गेलं.” बाईने विणकाम खाली ठेवलं. “ओळखीचे आहेत का?”

“नाही,” ती म्हणाली. आपल्या नावाखाली तिने माहेरचा पत्ता लिहिला, जिथे आता तिचं कुणीच राहत नव्हतं.

पायवाट आधी रुंद होती, मग अरुंद, मग तिला शंका यायला लागली की ही वाट आहे की पाणी वाहून झालेली घळ. झाडं उभी होती तशी आडवीही पडलेली होती, आणि पडलेल्यांवर दुसरी उगवलेली. कुणी काही उचललेलं नव्हतं. तिचा हात दोनदा आपोआप पुढे झाला, वाटेतली फांदी बाजूला करून ठेवायला, आणि मग तिला कळेना की बाजूला म्हणजे कुठे. ओढा अचानक आला. चपला हातात घेऊन ती पाण्यात उतरली, थंडी पोटऱ्यांवरून दातांपर्यंत चढली. पलीकडे दगड होता. दगड होते. शंभर तरी असतील, कुठलाही बसण्यासारखा. पत्रात तर एकच होता. ती एकावर बसली. इथून आकाश दिसत नाही, म्हणजे हा नसेल. दुसऱ्यावर बसली. तिसरा कलता होता, त्याच्या कमरेला चालला नसता. सातव्या-आठव्या दगडावर बसल्यावर तिला आपलंच हसू आलं आणि त्या हसण्याचा आवाज ऐकून ती दचकली. इतका तो एकटा आवाज होता.

मग झुडपांत काहीतरी हललं. मोठं. वाऱ्याने हलावं तसं नाही, वजन असलेलं. पाला दबला, थांबला, पुन्हा दबला. घरचं, कार्यालयाचं, टोपल्यांचं, सगळं डोक्यातून पुसलं गेलं आणि फक्त कान उरले. ते जे काही होतं, ते तिच्याकडे बघत असावं किंवा नसावं. तिला ते दिसलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग पाल्याचा आवाज लांब होत गेला, घाई न करता. ती तशीच बसून राहिली. आणि भीतीच्या खाली, तळाशी, काहीतरी सैल झालं होतं. आपण कोण, कोणाची बायको, कुठल्या टेबलावरची, याच्याशी त्या जनावराला काही कर्तव्य नव्हतं. ते आलं आणि आपल्या कामाला गेलं. तिला रडू आलं, पण कशाचं ते कळलं नाही, म्हणून ते लवकर थांबलं. परतताना ती दोनदा वाट चुकली. चौकीपाशी आली तेव्हा पदराला काटे होते आणि भूक अशी लागली होती की समोरचा माणूस खावा.

“सापडलं का?” रखवालदारबाईने विचारलं.

“काय?”

“लोक काहीतरी शोधायला येतात ना.”

“नाही सापडलं,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

सोमवारी सुनावणी होती. सभागृहात दीडशे लोक, समोर उपसंचालक, त्यांच्या डाव्या हाताला हेडक्लार्क आणि टेबलाच्या टोकाला टिपणं घ्यायला ती. आकडे वाचले गेले. बाजूने इतकी, विरुद्ध इतकी, विरुद्धची जास्तच होती. उपसंचालक चांगले बोलायचे. आवाज न चढवता, समजावणीच्या सुरात. ते म्हणाले, “विरोधाचा आम्ही आदर करतो. पण ही सगळी पत्रं भावनेची आहेत. एवढ्या पत्रांत एकाही व्यक्तीने, मी तिथे जातो, असं लिहिलेलं नाही. म्हणजे ज्या जागेचा कुणी वापरच करत नाही, ती जागा आपण कुणासाठी राखून ठेवतोय? हा साधा प्रश्न आहे.” मागे कुणीतरी मान डोलावली. तिनेही हे वाक्य लिहून घेतलं. ‘साधा प्रश्न आहे’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. आपण उभे राहणार आहोत असं तिला वाटलं नव्हतं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि तो तिच्याच खुर्चीचा होता.

“साहेब, एक पत्र आहे.”

“कुठलं पत्र?”

“जाणाऱ्याचं. अकरा वर्षं जाणाऱ्याचं.”

हेडक्लार्क दात न उघडता पुटपुटले, “बाई, खाली बसा. ते निनावी असेल.”

“नाही. पत्ता आहे,” ती म्हणाली. “लिहून घ्या.” आणि तिने सांगितला. घर नंबर, मजला, रस्ता.

हेडक्लार्कांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. “हा तर तुमचाच पत्ता.”

“हो. घर एकच आहे.”

सभागृहात हशा पिकला. त्या हशातच तिने पत्र वाचायला सुरुवात केली. पत्रातल्या टपरीपाशी आली तेव्हा हसू ओसरलं होतं. ‘मी मेल्यावरही’ हेही वाचलं. मग तिने कागद खाली ठेवला आणि त्यात नसलेलं बोलली. “मीही गेले होते. शुक्रवारी. मला तिथे काही कळलं नाही. भीती वाटली. पण साहेब, ती जागा वापरायची नाहीये म्हणूनच ती आहे. कुणीच गेलं नाही तरी ती पाहिजे. तिथे जे राहतंय ते तर फिरतंय ना तिथे रोज.” आणखी काही बोलायचं होतं, पण ते काय हे आठवेना, म्हणून ती बसली आणि सवयीने स्वतःचंच बोलणं टिपून घेऊ लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला. म्हणाला, मीही जातो, पत्र लिहायचं सुचलं नाही. मग एक शिक्षिका उठली. मग दोघी बहिणी. उपसंचालकांनी घड्याळ बघितलं.

तिला मेमो मिळाला. खात्याच्या नोकराने खात्याच्या प्रस्तावाविरुद्ध जाहीर बोलल्याबद्दल आणि नोंद नसलेला कागद खणात ठेवल्याबद्दल. दुसरं खरंच होतं. बदली तळमजल्यावर आवक-जावक विभागात झाली, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे. आणि घरी काहीच झालं नाही. डेपोत त्याला कळलं असणारच. शहर एवढं मोठं नव्हतं. तो सहाला आला, हातपाय धुतले, जेवला. तिने वाट बघितली. त्यानेही बघितली असावी. चार महिने असे गेले. दोघांनाही माहीत, आणि दुसऱ्याला माहीत आहे हेही माहीत, आणि तोंडात मूग. त्याचा रविवार आला की ती लवकर उठून उगीच कपडे भिजवायची, म्हणजे दारात निरोप द्यावा लागू नये. आपण त्याचं काही वाचवलं की चोरलं, हे तिला ठरवता येईना. चोरी असेल तर तो रागवत का नाही? आणि वाचवलं असेल तर बोलत का नाही? नणंद फोनवर म्हणाली, “काय वहिनी, पेपरात नाव आलं तुझं! दादा काय म्हणाला?” ती म्हणाली, “अजून म्हणायचाय.”

निकाल एका दुपारी तळमजल्यावरच आला, कारण सगळे कागद आता तिथूनच वर जात. रस्ता रानाच्या दक्षिण कडेने वळवायचा. पुलापासून पहिली टेकडी खात्याने रस्त्याला देऊन टाकली होती, तिथली झाडं जाणार होती. ओढा आणि त्यापलीकडचं सगळं कायमचं राखीव. ‘कायमचं’ हा शब्द तिने दोनदा वाचला. सरकारी कागदावर तो फारसा येत नाही. तिने हाताने त्याची नक्कल केली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्या संध्याकाळी जेवणानंतर त्याच्या पुढ्यात ठेवली.

त्याने चष्मा लावला. वाचलं. अंगठा हलायचा थांबला.

“टेकडी गेली,” तो म्हणाला.

“हो.”

“टेकडीवर जांभळी फुलं यायची. फक्त तिथेच.” मग चष्मा काढून, “तू खरंच गेली होतीस?”

“गेले होते. का नाही सांगितलंत मला? अकरा वर्षं. मी काय काय समजत होते, माहीत आहे?”

“माहीत नव्हतं. नंतर तुझ्या वन्संनी सांगितलं.” त्याने कागदाची घडी पुन्हा घातली, होती तशीच. “सांगितलं असतं तर तू डबा दिला असतास.”

तिला आधी कळलंच नाही. मग डबा भरणारी ती स्वतःच डोळ्यांपुढे आली. सकाळी लवकर उठून, झाकण घट्ट लावून, वर रुमाल बांधून, पाण्याची बाटली, टोपी, आल्यावर कसं होतं, काय दिसलं, पुढच्या वेळी वन्संनाही न्या. सगळं प्रेमाने. एकही गोष्ट खोटी नाही. तिला प्रचंड राग आला, अकरा वर्षांचा एकदम, आणि त्या रागातच तिच्या लक्षात आलं की तो बरोबर बोलतोय. दोन्ही एकाच वेळी आत मावत नव्हतं.

“दिला असता,” ती म्हणाली. “त्यात काय वाईट होतं?”

“वाईट काहीच नाही,” तो म्हणाला. “तेच तर.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी चालू करायचा प्रयत्न करत होतं. गाडी धाप लागल्यासारखी धडपडायची आणि बंद पडायची. तो ऐकत होता. मग खाली बघतच त्याने विचारलं, “येतेस का या वेळी? बरोबर?”

हे वाक्य ऐकायला तिने कधीकाळी काय नसतं दिलं. ती ते आपल्यात उतरू देत राहिली, आणि ते जिथे पोचायचं तिथे आता दुसरंच काही बसलेलं होतं. थंड पाणी, दबलेला पाला, न दिसलेलं ते.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही तुमचे जा. मी माझी जाईन.”

त्याने वर बघितलं. तो दुखावला होता की सुखावला होता, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही.

“कधी?” त्याने विचारलं.

“ठरलं नाही अजून,” ती म्हणाली, आणि गॅसवर पाणी ठेवायला उठली. तिच्या पोटऱ्या गार पडल्या होत्या.